तिसरं फ्तू

रविवार, १३ एप्रिल

ही डायरी अध्यक्षसाहेबांनी नव्या वर्षाला सगळ्या खेळाडूंना वाटली. त्यांचा पीचची फळं डबाबंद करायचा कारखाना आहे, म्हणून पानोपानी पीचचं चित्र. आजवर मी हिच्यात फक्त वजन लिहीत आलो. जानेवारीत चौऱ्याऐंशी किलो, मार्चमध्ये सत्त्याऐंशी. आजही तेवढंच लिहून उठणार होतो. पण आज मला लाल कार्ड मिळालंय आणि घरात त्याबद्दल बोलायची सोय नाही.

अठरा वर्षं मी, अनेस्तिस खारितोस, नेओखोरीच्या ‘आयतोस’ संघाचा बचावपटू आहे. आयतोस म्हणजे गरुड. तिसऱ्या गटातला गरुड, हे मान्य. आजचा माझा तीनशे नव्व्याण्णवावा सामना. समोरच्या जाळ्यात मारलेले गोल शून्य. आपल्याच जाळ्यात चार, पैकी एक फारच सुरेख होता. वरचे पुढचे दोन दात एकोणनव्वद साली एका कॉर्नरला गेले. पण लाल कार्ड कधी नाही. आईच्या हाडांची शपथ, कधी नाही.

झालं असं. बासष्टावं मिनिट. पालिओकास्त्रो संघाचा नवा पोरगा थेमिस, वय वर्षं वीस, माझ्या अंगावर आला, चेंडू माझ्या दोन पायांमधून काढला, गोलकीपरला बसवलं आणि टाचेने चेंडू जाळ्यात ढकलला. मागे वळूनही पाहिलं नाही त्याने. माझ्या तोंडून निघून गेलं, “काय गोल मारलास रे पोरा!”

निघून गेलं आणि मी हात तोंडावर दाबला. कारण माझे डोळे निळे आहेत. अख्ख्या आळीत असे डोळे फक्त माझे. आईने लहानपणीच बजावलं होतं, या डोळ्यांनी कुणाचं कौतुक करायचं नाही आणि केलंच तर लगेच तीनदा फ्तू करायचं, थुंकल्यासारखं, म्हणजे दृष्ट लागत नाही. शेजारच्या बकरीला एकदा छान म्हणालो, ती आटली. चुलतभावाच्या गाडीला छान म्हणालो, तिचा क्लच गेला. तेव्हापासून मी कशालाच छान म्हणत नाही.

तेव्हा कुणीही भल्या माणसाने केलं असतं तेच मी केलं. धावत त्या पोराकडे गेलो आणि फ्तू केलं, फ्तू केलं. तेवढ्यात शिट्टी वाजली. आता फ्तू खरं तर कोरडं असतं, नुसता आवाज. पण ते दोन दात गेल्यापासून माझं ओलं येतं. पहिलं पोराच्या गालावर पडलं, दुसरं धावत आलेल्या पंचाच्या शर्टावर. पंच पेशाने केमिस्ट आहे, त्याला जंतूंचं फार. त्याने लाल कार्ड काढलं. मी बोट वर करून ओरडलो, “साहेब, अजून एक राहिलंय! तीन असतात!”

त्याने अहवालात लिहिलं, ‘खेळाडूने आणखी थुंकण्याची धमकी दिली.’

माझ्याच संघातल्या दोघांनी मला दंडाला धरून बाहेर नेलं. पोरगा तिथेच उभा, चेहरा पांढराफटक. मागून ओरडत होता, “काका, तिसरं? काका!” काका म्हणाला. मी छत्तीस वर्षांचा आहे.

एक-शून्यने हरलो. जेवताना बायको म्हणाली, “त्या पोराचं कौतुक केलंस म्हणे सगळ्यांदेखत. बरं झालं.” आणि ताटल्या जरा जास्तच आवाज करत उचलल्या. मिरोफोराला फुटबॉल कळत नाही. जेवायला कांद्याची पात भरलेली पोळी होती.

बुधवार, १६ एप्रिल

थेस्सालोनिकीला शिस्त समितीपुढे जाऊन आलो. तीन वकील, एक पंखा आणि माझी फाईल.

“खारितोस, थुंकलात की नाही?” मधले जाडे म्हणाले.

“दृष्ट लागू नये म्हणून, साहेब.”

“दृष्टीचं कोरडं असतं. इथे ओलं लिहिलंय.”

मी दात दाखवले, म्हणजे नसलेले. त्यांनी टेबलावर कोरा कागद ठेवला आणि म्हणाले, करून दाखवा. मी म्हणालो, उगाच कसं येईल, आधी कौतुक करायला काहीतरी पाहिजे. जाड्यांनी पाकिटातून नातीचा फोटो काढला. टोपी घातलेली, गालावर खळी. मी म्हणालो, “अरे वा, काय गोंडस आहे हो!”

तिघांनी एकदम माझ्या डोळ्यांकडे पाहिलं.

“निळे आहेत!”

“अहो, मग थुंका ना! बघत काय बसलात!”

थुंकलो. तिन्ही वेळा, नीट, मनापासून. फोटो भिजला, फाईल भिजली, पंचाची सही पसरली. आजोबांनी फोटो रुमालाने टिपला, उठून माझा हात हातात घेतला आणि मला तीन सामन्यांची बंदी दिली.

मी विचारलं, “त्या पोराचं एक राहिलंय, त्याचं काय?”

ते म्हणाले, “ते समितीच्या अखत्यारीत येत नाही.”

हंगामाचे तीनच सामने उरलेत. म्हणजे चारशेवा सामना यंदा नाही. पुढच्या वर्षीचा करार अजून कुणी काढलेला नाही. कोच स्तेर्यिओस मात्र फार चांगलं बोलले. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “अनेस्ती, तू या क्लबचा इतिहास आहेस.” मला भरून आलं.

रविवार, २० एप्रिल

दोन-शून्यने जिंकलो. माझ्या जागी तो नवा उंच पोरगा होता. मी नसल्यामुळे सगळे घाबरलेले होते आणि घाबरल्यामुळे जास्त पळाले, असं मी कोचना समजावलं. त्यांनी भुवया उंचावून मान वर केली. म्हणजे खरं तर ‘नाही’, पण त्यांची मान आखडलेली असते.

खरी बातमी दुसरीच. पालिओकास्त्रोच्या थेमिसने पेनल्टी घालवली. चेंडू प्रेक्षकांवरून जाऊन कुणाच्या तरी खुराड्यात पडला, एक कोंबडी मेली म्हणतात. कॅफेत पाय ठेवला तर सगळे उठून उभे राहिले.

“दोनच मिळालीत ना त्याला!” न्हावी ओरडला. “अर्धा संरक्षित, अर्धा उघडा!”

“कुठला अर्धा उघडा?”

“उजवा पाय!”

खालच्या गटात घसरणाऱ्या तळाच्या दोन जागांपैकी उरलेली एक आमची होणार की पालिओकास्त्रोची, एवढाच आता प्रश्न आहे. पोरगा जोवर गोल मारत नाही तोवर आम्ही जिवंत. माझ्यापुढे पाच जणांनी त्सिपुरोचे, म्हणजे गावठी दारूचे, पेले ठेवले. अठरा वर्षं गोल अडवले, तेव्हा कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही.

सोमवार, २८ एप्रिल

काल ईस्टर, म्हणजे माझा नामदिवस, माझ्या नावाचा सण. त्या दिवशी अख्खं गाव ‘ख्रिस्तोस अनेस्ती’ म्हणत एकमेकांना भेटतं, ख्रिस्त उठला. लहानपणी मला वाटायचं, त्यातला दुसरा शब्द माझ्यासाठी आहे. अजूनही थोडं वाटतं.

आज पाहुण्यांचं उरलंसुरलं खात होतो तर दारात एक काळ्या कपड्यांतली म्हातारी. हातात गोड पावाची वेणी, काखेत पिशवी. दोन बस बदलून आली होती.

“तूच का तो निळ्या डोळ्यांचा?”

“हो, याया.” म्हणजे आजी. “बसा ना.”

“बसायला आले नाही. मी थेमिसची आजी, पोलिक्सेनी. पोर जिन्यावरून पडलं. उभी मोटारसायकल अंगावर आडवी झाली. तीनदा तेल सोडून पाहिलं पाण्यात, तिन्ही वेळा थेंब फुटला, म्हणजे दृष्टच ती. अर्धी दृष्ट काढली की उरलेली अर्धी चिडते, एवढं तुझ्या आईने शिकवलं नाही तुला?”

“शिकवलं, याया. पंच मध्ये आला.”

“मग आता कुणी नाही मध्ये. कर.”

“पण पोरगं कुठंय?”

तिने पिशवीतून शर्ट काढला. नऊ नंबरचा, इस्त्री केलेला. कॉलर माझ्यासमोर धरली. मी तोंड पुसलं, श्वास घेतला, आणि बाहेर अध्यक्षसाहेबांच्या गाडीचा हॉर्न वाजला. ते नामदिवसाच्या शुभेच्छा द्यायला आले होते, पीचचे बारा डबे घेऊन. शर्टाचा रंग पाहिला आणि डबे तिथेच खाली ठेवले.

“अनेस्ती! तोंड बंद!”

त्यांनी मला स्वयंपाकघरात ओढलं.

“वेडा झालायस? एक फ्तू करशील आणि चाळीस वर्षांचा क्लब बुडवशील?”

“अध्यक्षसाहेब, पोराचा पाय मोडायचा एखाद दिवशी.”

“हंगाम संपला की कर. दहा कर. पण तोवर नाही. आपण टिकलो तर पुढच्या वर्षीचा करार तुझा. हा माझा शब्द.”

एक वर्ष. कुणी वाचणार नाही म्हणून लिहितो. मला ते एक वर्ष इतकं हवंय की ऐकताना गुडघे दुखायचे थांबले. मैदान सोडून मी दुसरं काय करणार? मला चेंडू लांब फेकण्यापलीकडे काही येत नाही.

बाहेर आलो आणि यायाला म्हणालो, जमणार नाही. तिने शर्टाची नीट घडी घातली. पाव मात्र ठेवून गेली. दारात मिरोफोराला म्हणाली, “कसे गं दिवस काढतेस असल्या डोळ्यांबरोबर?”

मिरोफोरा म्हणाली, “माझ्याकडे कुठे वळतात ते.”

मी हसलो. त्या दोघी हसल्या नाहीत.

मंगळवार, ६ मे

परवा आमची बरोबरी. पालिओकास्त्रो हरलं, थेमिसचे तीन फटके खांबाला लागले. तिसऱ्यानंतर तो खांबाला मिठी मारून रडला म्हणे. न्हावी कॅफेत त्याची नक्कल करत होता. सगळे हसले. मी पण हसलो, मग बाहेर येऊन उभा राहिलो.

आज मिरोफोराने मला सेर्रेसला नेलं, तिच्या दातांच्या डॉक्टर चुलतभावाकडे. आठ वर्षं टाळत होतो. तिने विचारलंच नाही, सरळ बसमध्ये बसवलं. म्हणाली, “यापुढे आयुष्यात जे काही थुंकायचं असेल ते कोरडं थुंक.” दोन खोटे दात आणि त्यांना धरणारी गुलाबी पट्टी. मांजरावर करून पाहिलं. खरंच कोरडं येतं! फक्त पट्टी जरा सैल आहे. डॉक्टर म्हणाले, शिंकताना हात धरा.

आरशात पाहिलं तर तिशीतला वाटलो. मिरोफोरासुद्धा टक लावून पाहत होती. तिने निळा फ्रॉक घातला होता, कधी घेतला कोण जाणे. हे डोळे घेऊन मी तिला पंधरा वर्षं सांभाळत आलोय, कौतुकाचा एक शब्द चुकून निघू दिला नाही. तिला त्याची कल्पनाही नसेल.

रविवार, ११ मे

शेवटचा सामना झाला. आमचे आणि पालिओकास्त्रोचे गुण सारखे. म्हणून पुढच्या रविवारी कवालाच्या मैदानावर एकच निर्णायक सामना. हरेल तो खालच्या गटात जाईल. पंच तोच केमिस्ट.

माझी बंदी संपली! आणि उंच पोराला आज कार्ड मिळालं, तो बाद. कोचनी यादीत माझं नाव लिहिलं, पेन खाली ठेवलं आणि बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. डावपेच आखत असणार.

चारशेवा सामना. थेमिसला मीच अडवायचंय.

शुक्रवार, १६ मे

दुपारी फोन आला.

“काका, थेमिस बोलतोय.”

“बोल.”

“चेंडू पायात आला ना, की पाय विचारतात, तिसरं आलं का? मी म्हणतो, नाही. मग ते हलतच नाहीत.”

“हे सगळं डोक्यात असतं, पोरा.”

“मग थुंका ना! डोक्यातच असेल तर तुमचं काय जातंय?”

म्हणालो, रविवारनंतर बघू.

“रविवारनंतर मी खेळणार नाहीये, काका. बूट आजीला दिलेत. रविवारपुरते मागून घेतलेत.”

फोन ठेवला. तेव्हापासून एकच हिशेब डोक्यात घोळतोय. मला एक वर्ष हवंय. त्याच्याकडे पंधरा आहेत. आणि तो टाचेचा गोल मी पाहिलाय, इतरांनी नुसता मोजला. वजन अठ्ठ्याऐंशी.

रविवार, १८ मे

संध्याकाळी लिहितोय. क्रमाने लिहितो, नाहीतर मलाच खरं वाटणार नाही.

चारशेवा सामना म्हणून सुरुवातीला मला पीचच्या आकाराची ढाल दिली. तिच्यावर ‘निरोपप्रसंगी’ असं कोरलंय. चूक झाली असेल, मी अध्यक्षसाहेबांना दाखवतो म्हणालो, तर ते गर्दीत कुठेतरी गेले.

चौऱ्याऐंशी मिनिटं मी चांगला खेळलो. असं मला वाटतं. थेमिस चेंडू आला की दुसऱ्याला देऊन टाकत होता, मी नुसता शेजारी उभा होतो. शून्य-शून्य. मग पंच्याऐंशीव्या मिनिटाला लांबून चेंडू आला, त्याच्या पायात पडला, आणि त्याचं त्यालाच कळायच्या आत तो मला मागे टाकून गेला. गोलकीपर पुढे आला, त्यालाही त्याने बसवलं. समोर मोकळं जाळं. सहा पावलं.

आणि तो थांबला. चेंडूवर पाय ठेवून उभा राहिला आणि मागे वळून माझ्याकडे बघायला लागला. दोन्ही गावं ओरडत होती. माझा कोच ओरडत होता, “मार! मार बाहेर!” मी पोहोचलो. चेंडू माझ्या पायापासून हातभर. एक लाथ आणि सगळं माझं, वर्ष, करार, कॅफे. अठरा वर्षं मी तेवढंच तर केलंय.

मी म्हणालो, “फार सुंदर आलास रे, पोरा.” आणि फ्तू केलं.

पट्टी निसटली. दात उडाले, थेमिसच्या छातीवर आपटले आणि गवतात पडले. त्याने डोळे मिटले, मोठा श्वास घेतला, वळला आणि चेंडू जाळ्यात घातला.

पंच धावत आला, हात लाल कार्डाच्या खिशात. मग खाली बघितलं. गवतात दात. शर्ट कोरडा, गाल कोरडा. त्याने खिशातलं नियमांचं पुस्तक काढलं, पुढून चाळलं, मागून चाळलं, लाइनमनला बोलावलं.

“थुंकला का?”

“दात थुंकला, साहेब.”

“दातांचं काही दिलेलं नाही,” तो हताश होऊन म्हणाला. मैदानावर वस्तू टाकली म्हणून पिवळं कार्ड दिलं. म्हणजे चारशे सामने, एक लाल, एवढ्यावर निभावलं.

थेमिसने गोल साजरा केलाच नाही. गुडघ्यांवर बसून दात शोधले, बाटलीच्या पाण्याने धुतले आणि दोन्ही हातांनी मला दिले. “घ्या, काका,” म्हणाला. या वेळी काका ऐकायला बरं वाटलं.

एक-शून्यने हरलो. आयतोस खालच्या गटात गेला. बसमध्ये माझ्या शेजारी कुणी बसलं नाही. अध्यक्षसाहेब उतरताना एवढंच म्हणाले, “ती ढाल बरोबर कोरलेली आहे.” न्हाव्याने दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं, मी समोरून जाईपर्यंत.

मी चेंडू बाहेर मारू शकलो असतो. हे लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कधी मी स्वतःला वेगळं सांगितलं तर इथे येऊन बघेन. पोहोचलो होतो.

सोमवार, १९ मे

सकाळी उठलो आणि सरावाची पिशवी भरायला घेतली. मग आठवलं, आणि पलंगावर बसून राहिलो. खूप रडलो. दात पेल्यात होते, त्यामुळे आवाजही विचित्र येत होता.

स्वयंपाकघरात गेलो तर मिरोफोरा खिडकीशी शेंगा सोलत होती. निळा फ्रॉक, बाह्या वर केलेल्या, केसांना पेन्सिल खोचलेली. उन्हं तिच्या मानेवर आली होती. काल ती कवालाला आली होती, गावातली एकटी बाई. माझ्यासाठी टाळ्या वाजवणारंही तेवढंच एक माणूस होतं, हे मला काल वर प्रेक्षकांत बघितल्यावर कळलं.

मी दारातच म्हणालो, “मिरो, तू फार सुंदर दिसतेस.”

तिच्या हातातलं भांडं कलंडलं, शेंगा फरशीभर झाल्या. ती उचलायला वाकली नाही. माझ्याकडे बघत राहिली, मी पुढे होईपर्यंत. इतक्या जवळून मी तिच्याकडे कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं.

फ्तू केलं. फ्तू केलं. दात नव्हते, त्यामुळे जसं यायचं तसंच आलं, कपाळावर आणि गालावर. मग मी तिच्याकडे बघतच राहिलो आणि तिसरं राहून गेलं.

तिने तोंड पुसलं नाही. डोळे मिटूनच उभी होती.

“दोनच झाली, अनेस्ती,” ती म्हणाली.